दीडला निघून साडेसहाला

आमच्या गावातल्या भवानी पेठेतून गाडी निघाली तेव्हा अव्वाने (आईने) विमानाचं तिकीट नाकापाशी धरून हिशेब केला. "दीडला निघायचं, साडेसहाला पोचायचं. पाच तास. पुण्याला जायाएवढंच की." लंडनचं घड्याळ आपल्या मागे चालतं, प्रवास खरा साडेनऊ तासांचा आहे, हे मी गिळून टाकलं. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे माझ्या बहिणीचं, शैलाचं, बाळंतपणाचं ऑपरेशन होतं, आणि अव्वा हवीच म्हणून ती फोनवर रडली होती. खरं बोलून पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

मुंबईत पाहुण्यांकडे मुक्काम करून विमानतळ गाठला. तपासणीला बायकांची रांग वेगळी. अव्वाच्या गळ्यात करडिगे (कायम अंगावर बाळगायचं इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी) होती. "ट्रे में रखिए," तिथली बाई म्हणाली. मागून रेटारेटी सुरू झाली. गोंधळून अव्वाने डबी उतरवली आणि तो ट्रे पुन्हा तपासायला मागे गेला. परत मिळाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"अंगावेगळं झालं," ती म्हणाली. "आता आंगोळ करून पूजा होईस्तवर पाणीबी न्हाय."

आमच्या घरचा नियमच तो. मी म्हणालो, "अव्वा, तुला साखर हाय. सकाळची गोळी घेतलीस."

"पाच तास तर हायत. शैलाच्या घरी करते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण विमानात चढायलाच नको म्हणाली तर?

खाली समुद्र सरला, पिवळं वाळवंट लागलं. जेवण आलं, परत गेलं. पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तशीच राहिली. समोरच्या पडद्यावर आमचं विमान अजून अर्ध्या वाटेवरही नव्हतं.

"ऊन अजून कसं उतरंना?" अव्वाने विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात लक्षात आलं, तिची साखर उतरत होती. कपाळावर घाम होता, बोटं थरथरत होती. मी खरोखर घाबरलो. हवाई सुंदरीने संत्र्याचा रस आणून दिला. अव्वाने पेला हळूच बाजूला सारला.

मला राग आवरेना. "उद्या शैला तिकडं ऑपरेशनला आत, आन तू हितं आडवी. बाळाला घेणार कोण?"

अव्वाने गळ्यातली डबी हातात धरली.

"पाणी माग," मग म्हणाली. "प्यायला न्हवं."

तिने रुमाल भिजवून तोंड-हात पुसले. मांडीवर शाल पसरली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, दोन थेंब पाणी सोडलं, विभूती लावली आणि डोळे मिटले. विमान मधेच हादरलं. तिचा हात हलला नाही. हवाई सुंदरी गाडा घेऊन वाटेतच थांबून राहिली होती.

पूजा आटोपून अव्वाने रस घेतला, भाकरीचा तुकडा मोडला.

"आंगोळीचं काय?" मी विचारलं.

"त्यो बघून घेईल. तू गप बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची अव्वाच्या मांडीवर होती.

दोन महिन्यांनी परत निघालो. लंडनच्या तपासणीत अव्वाने कुणी सांगायच्या आत डबी तळहातावर धरली, आणि तिथल्या बाईने ती हातावरच तपासली. मी वाटभर पडद्यावरचे तास बघत होतो. ती झोपली होती.

घरी पोचताच शेजारच्या काकू आल्या. "लंडन लई लांब हाय का वो?"

सात हजार किलोमीटरांच्या वर, असं मी सांगू लागलो. अव्वाने मला हाताने थांबवलं.

"मधी एक पूजा करावी लागती," ती म्हणाली. "एवढं लांब हाय."