रिकाम्या जागेभोवतीचा नाच

आमच्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांचे नाच बसवणाऱ्या बाईंना कुवेतमधली सगळी मराठी पोरं 'थांबाबाई' म्हणत. नाच ऐन रंगात आला की बाई हात वर करून "थांबा!" म्हणायच्या आणि ज्याचा पाय जिथे असेल तिथेच तो राहिला पाहिजे. हवेत असेल तर हवेत. मग त्या एकेकाभोवती फिरत, कोणाचा खांदा बोटाने खाली दाबत, कोणाची हनुवटी जराशी वळवत. तेवढ्या वेळात एसीच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नसे. एकदा मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा माझ्या हॉलमध्ये पाच मुली अशा उभ्या होत्या, पापणीही न लववता. मी ट्रे घेऊन उलट पावली स्वयंपाकघरात आलो. "भुतं बरी," मी माझ्या बायकोला, मेधाला, म्हणालो, "ती निदान हलतात तरी."

बाई नाशिकच्या. नाव तारा, पण त्या नावाने हाक मारणारं तिथे कोणी नव्हतं. एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होत्या. मोडलेली, आखडलेली माणसं चालती करायची हे त्यांचं काम. "दिवसभर न हलणाऱ्यांना हलवते आणि शुक्रवारी हलणाऱ्यांना थांबवते," असं त्या म्हणायच्या, "म्हणजे माझा जमाखर्च जुळतो." खैतानला एकट्याच राहत. दर शुक्रवारी दुपारी त्यांची जुनी पांढरी गाडी मंगफला आमच्या इमारतीखाली येऊन लागायची. आमचा हॉल मोठा म्हणून तालीम आमच्याकडे. सोफे भिंतीला सरकवायचं काम माझं, कारण मी तेल कंपनीत इंजिनिअर आहे आणि जड वस्तू हलवण्याचं शिक्षण घरात मलाच मिळालंय, असं मेधाचं मत होतं.

इतकी वर्षं कोळीनृत्य, शेतकरीनृत्य यातच चाललेलं हे प्रकरण दोन हजार आठच्या सुमारास एकदम कोरियाला गेलं. बाईंच्या खात्यातल्या एका फिलिपिनो मुलीने त्यांना कोरियन गाण्यांची सीडी दिली होती. त्या ती आमच्याकडे घेऊन आल्या, तर माझी मुलगी सई आणि तिची जिवाभावाची मैत्रीण रेवा या दोघींना सगळी गाणी आधीच पाठ! शाळेतल्या इजिप्शियन पोरींकडून आली म्हणे. मला कोरियन माणसं माहीत होती ती आमच्या प्लांटवरची: निळ्या कपड्यांतले, रांगेत बसून मुकाट्याने डबा खाणारे कंत्राटदार. त्यांच्या देशात असलं काही चालतं याची मला कल्पना नव्हती. टीव्हीवर पाच मुली एकाच वेळी मान वळवत होत्या, एकाच वेळी श्वास घेत होत्या. पाहता पाहता मला कसंतरीच झालं. बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या आणि त्या उजेडात माझ्या हॉलमधल्या पाच मुली पडद्यावरच्या पाच मुलींबरोबर आपोआप मान वळवायला लागल्या होत्या.

"अहो, हे जगभर का चालतंय कळलं का?" बाईंनी मला विचारलं. नाही म्हणायच्या आत त्यांनी उत्तर दिलंच. "आपल्याकडे एक हिरॉइन नाचते आणि मागच्या पन्नास जणी नुसत्या हलतात. इथे मधली जागा कोणा एकीची नाही. जिची ओळ येईल ती मधे येणार, ओळ संपली की मागे जाणार. त्यामुळे बघणाऱ्या प्रत्येक पोरीला पाचांतली आपली एक सापडते. आणि गाणं कितीही अवघड असू दे, ध्रुपदाला एक स्टेप अशी ठेवतात की कोणीही घरी घेऊन जावी. शब्द कळत नाहीत ना? बरंच आहे. शब्द कळले की माणूस ऐकत बसतो. कळले नाहीत की अंगाने समजून घेतो."

त्या पोरी वर्षानुवर्षं एकत्र राहून, एकत्र जेवून तालीम करतात, हेही बाईंनी कुठूनसं मिळवलं होतं. त्याचं त्यांना फार कौतुक होतं. "एकत्र राहिल्याशिवाय असं थांबता येत नाही," त्या म्हणायच्या. नाचापेक्षा थांबण्यावरच त्यांचा जीव. मंडळाच्या समितीत अर्थातच कुरबुर झाली. मराठी मंडळात कोरियन गाणं? अध्यक्षांनी फोन केला. बाई शांतपणे म्हणाल्या, "लावणीवर नाचतात तेव्हा तरी या मुलींना कुठे शब्द कळतात? तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता." विषय संपला.

नाच बसला. आणि मग रेवा गेली.

कुवेतमध्ये माणसं कशी जातात हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. रेवाच्या वडिलांचं कंत्राट संपलं, कंपनीने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून दिला नाही आणि बघता बघता घरातलं सामान विकून ते कुटुंब 'फायनल' गेलं. परत न येण्यासाठी जाणं याला तिकडे फायनल म्हणतात. एका शुक्रवारी पोरगी आमच्या हॉलमध्ये डाव्या हाताने केस मागे सारत हसत होती, पुढच्या शुक्रवारी तिच्या घरात रंगारी होते. सई रडली नाही. ती बोलायचीच बंद झाली. काही विचारलं की "नथिंग, बाबा." जेवायला बसली की भात चिवडायची आणि उठायची.

मला वाटलं, बाई चौघींत नाच नव्याने बसवतील. बाईंनी तसं काही केलं नाही. "रेवाची जागा आहे तशी राहील," त्या म्हणाल्या, "तिच्या अंगाला धक्का लागता कामा नये." चौघी नाचायला लागल्या. सुरुवातीला मोकळी जागा नुसती मोकळी दिसायची. पण बाईंनी गाणं बंद करून बिनआवाजाची तालीम सुरू केली आणि पुढच्या काही शुक्रवारांत ती जागा बदलली. चौघी तिच्या डावीउजवीकडून निघत, तिच्यासाठी वाकत, तिच्याशी नजर मिळवत. गालिच्यावर पावलांचा फक्त घसटता आवाज. दारातून पाहताना मला त्या जागेची उंची कळायला लागली. खांदा कुठे येतो, कोपर कुठवर जातं. हात वर करून बाई "थांबा" म्हणाल्या आणि चौघींच्या भोवती फिरताना त्यांनी पाचव्या ठिकाणी थांबून हवेतली हनुवटी वळवली. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

हे तालमीपुरतं राहतं तर मी काही बोललो नसतो. सई सोफ्यावर बसली की एका कडेला बसायची आणि शेजारची जागा झटकून ठेवायची. गाडीत दप्तर मांडीवर घ्यायची. लिफ्टचं दार उघडलं की बटण दाबून धरायची, कोणीतरी आत येईपर्यंत थांबावं तेवढी थांबायची आणि मग सोडायची. एका संध्याकाळी ती अशी थांबली असताना माझ्या लक्षात आलं की मीही बाजूला सरकून उभा आहे. त्या रात्री मेधा मला म्हणाली, "तू बाईंशी बोल. पोरगी हातची जाईल."

मी खैतानला गेलो. बाईंचं घर तोवर मी पाहिलेलं नव्हतं. एक खोली, त्यात दोन पलंग. दोन्हींवर धुतलेल्या चादरी. न्हाणीघराच्या दारामागे दोन टॉवेल, ओट्यावर पालथे घातलेले दोन कप. "कोणी राहतं का तुमच्याबरोबर?" मी विचारलं. "राहत होती," बाई म्हणाल्या आणि चहा टाकता टाकता, औषधाची वेळ सांगावी तशा आवाजात त्यांनी सांगितलं. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात शिरलं तेव्हा त्या आणि एक मल्याळी नर्स या घरात राहत होत्या. दोन दिवसांनी नर्स ड्युटीवर गेली. वॉर्डात माणसं पडली होती, जायलाच हवं होतं. ती परत आली नाही. बाई वाट पाहत राहिल्या, मग भारतीयांच्या बसमध्ये बसून बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून घरी गेल्या. युद्ध संपल्यावर परतल्या तेव्हा घर लुटलेलं होतं, पलंगसुद्धा नेले होते. मालक ओळखीचा, त्याने तीच खोली दिली. पहिल्या पगारात बाईंनी पलंग घेतले. दोन.

मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. "बाई, रेवा पुण्यात आहे. फोनवर बोलते. ती काही मेलेली नाही. माझ्या मुलीला तिच्याशिवाय राहायला शिकू दे. ती जागा भरून टाका."

"माझी तरी मेलीय असं कोण म्हणतं?" बाई म्हणाल्या. "जागा भरली की माणूस गेलं. मी नाही भरणार."

मी जिना उतरलो तो ठरवूनच, की सईला कार्यक्रमातून काढायचं. घरी येऊन सांगितलं. सईने कित्येक आठवड्यांनी मला सबंध वाक्य ऐकवलं. "बाबा, मी नाही गेले तर तिथे दोन जागा रिकाम्या होतील." मी तिला काढलं नाही.

कार्यक्रम एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. कोरियन गाणं लागलं तेव्हा मागच्या रांगांत हशा झाला, तो लवकरच विरला. शेजारचे गृहस्थ मला हळूच म्हणाले, "पाचवी कुठली हो? अंधारात नीट दिसत नाही." गाण्याच्या शेवटच्या ध्रुपदाआधी रेवाची ओळ होती. त्या ओळीला ती मधे पुढे यायची आणि बाकीच्या चौघी खाली बसायच्या. चौघी बसल्या. बाईंनी दिवेवाल्याला सांगून ठेवलं होतं, उजेडाचं वर्तुळ मधोमध पडलं. त्यात कोणीच नव्हतं. कोरियन मुलीचा आवाज गात होता आणि ती मोकळी फरशी उजळलेली होती. सगळा हॉल तिकडे पाहत होता. पुढच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. मला वाटलं, हे आता कोणीतरी बंद करावं.

सई उठली. हे तालमीत नव्हतं. ती वर्तुळात गेली आणि तिने रेवाची ओळ घेतली. सई उजव्या हाताची आहे. पण हात तिने डावा उचलला. केस मागे सारले ते रेवासारखे, मान कलली तीही तशीच. मेधाने माझा दंड घट्ट धरला. तेवढा वेळ स्टेजवर माझी मुलगी मला दिसेना आणि मी घाबरून तिला शोधत होतो. मग ओळ संपली, सई मागे जाऊन आपल्या जागी बसली, आणि ती सईच होती. विंगेत बाई हात वर करून उभ्या होत्या. "थांबा" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच होतं. तो शब्द काही आला नाही.

टाळ्या खूप झाल्या. बाई मागच्या खोलीत खुर्चीवर बसून होत्या. सई समोर आली तेव्हा त्यांनी रागावून नाही, खरोखर कळत नसल्यासारखं विचारलं, "तू तिथे का गेलीस?"

"मावशी, तिची ओळ आली होती," सई म्हणाली. "कोणीतरी म्हणायला नको का?"

बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या रात्री घरी सईने पोटभर खाल्लं. लिफ्टचं बटण तिने धरून ठेवलं नाही, हे मी लक्ष देऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी रेवाला फोन करून ती तासभर भांडत होती, कारण ईमेलने पाठवलेला व्हिडिओ पाहिल्यावर रेवाच्या मते सईने डाव्या हाताची स्टेप अर्धवट केली होती.

पुढच्या वर्षी बाईंनी नोकरी सोडली. नाशिकला भावाकडे जाते म्हणाल्या. त्या फायनल जाणार म्हणून मी आणि सई आवराआवरीला खैतानला गेलो. खोके बांधून झाले. सई दोन पलंगांकडे पाहत होती; त्या नर्सबद्दल मी तिला सांगितलं होतं. तिने विचारलं, "मावशी, तुमची मैत्रीण कशी होती?" मी तिला डोळ्यांनी दटावलं. इतक्या वर्षांत बाईंनी मला तिचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

बाई बाहेर जिन्यात गेल्या आणि दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा एक बाई आत आली. खांदे पाडून, दोन्ही चपला दोन दिशांना उडवत. "अय्यो तारा, पाय गेला माझा, दिवसभर उभी," ती हिंदीत म्हणाली, प्रत्येक शब्दाचं शेपूट वर ओढत. नाचाच्या सरळ पाठीच्या आमच्या बाई पलंगावर फतकल मारून बसल्या, पदर नसताना पदराने वारा घेतला आणि हसल्या. ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. गडगडाटी, खालच्या पट्टीतलं. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि तिघं आहोत असं मला वाटत नव्हतं. मला भीती वाटली आणि तिथून उठवेना.

सई मात्र पुढे झाली. "हॅलो, आंटी," ती हळूच म्हणाली. "तुमचं नाव काय?"

"लिली," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते, सूर मात्र सुटला नव्हता. "जेवलीस का, मोळे?" मोळे म्हणजे मल्याळीत मुली, पोरी.

"नाही अजून," सई म्हणाली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.