भागोजीचा संघ

रोज संध्याकाळी कचेरीतून घरी आला की भागोजी पट्टा खुंटीला अडकवायचा, पाय धुवायचा आणि कोनाड्यातला फुटबॉल उचलून कानाशी धरायचा. दोन्ही हातांनी तो दाबायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आतल्या रबरी फुग्याला बारीकसं भोक असलं तरी वारा कुठून सुटतोय ते त्याला बरोबर कळे. चेंडू धड निघाला की खोबरेल तेलाचं बोट शिवणीवरून फिरवून तो पुन्हा कोनाड्यात जाई.

"माजं येवडं कदी आयकलंत नाय," तुळसा चुलीपासून म्हणायची.

"तू कुटं गळतेस?" भागोजी म्हणायचा.

तरुणपणी तो मुंबईत एका पलटणीच्या छावणीत पाणी भरायला होता. गोऱ्या शिपायांचा खेळ बघून बघून शिकला. रत्नागिरीला परतून कचेरीत पट्टेवाला झाला आणि एकोणीसशे बावीस साली गावावरच्या कातळी सड्यावरच्या मैदानात त्याने अकरा जण जमवले. कुणी सुतार, कुणी कारकून, कुणी होडीवरचा. त्यालाच पुढे जिल्ह्याचा संघ म्हणू लागले. दर श्रावणात कोल्हापूरचा एक संघ घाट उतरून यायचा आणि या संघाला हरवून जायचा. असं नऊ वर्षं चाललं. शेवटच्या वर्षी सात गोल झाले, आणि परत जाताना पाहुण्यांनी नारळ मागून घेतले, तेही हसत हसत.

तेव्हा गावातले वकील-डॉक्टर एकत्र बसले आणि संघ नव्याने उभारायचं ठरलं. पुण्याहून हायस्कुलात चित्रकलेचे नवे मास्तर आले होते, राजाभाऊ. कॉलेजात असताना ते नावाजलेले खेळाडू होते. संघ त्यांच्या हाती गेला. भागोजीला कुणी काढलं नाही. चेंडू त्याच्याकडेच राहिला. त्याला वाटलं, काढलं असतं तर बरं झालं असतं.

राजाभाऊ फळ्यावर खडूने मैदान काढायचे. अकरा ठिपके, त्यांच्यामधून बाण. पोरं मांडी घालून बघत बसायची. भागोजीने नऊ वर्षं ओरडून ओरडून घसा बसवला होता, आणि हा माणूस आवाज न चढवता बोलायचा तरी सगळे ऐकायचे. पोरं भागोजीला काका म्हणत, राजाभाऊंना सर. भागोजी स्वतः त्यांना मास्तर म्हणायचा. सर हा शब्द त्याच्या तोंडात बसेना.

त्यातला सगळ्यात मोठा घाव रघूचा. रघू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. अकराव्या वर्षी भागोजीने त्याला मैदानावर आणलं होतं, पोटच्या पोरासारखा वागवला होता, आणि सहा वर्षं संघात उजव्या बाजूला खेळवला होता. राजाभाऊंनी आठ दिवस त्याला पाहिलं आणि नवव्या दिवशी डावीकडे उभा केला. त्या संध्याकाळी रघूने तीन गोल मारले.

घरी जाताना भागोजीने विचारलं, "तू डावखुरा हायस?"

"छापखान्यात डाव्या हातानंच जुळवतो की, काका."

"मग सांगितलंस नाय कदी ता."

"तुमी उजवीकडं उभं केलंत, मी उभा राहिलो," रघू म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. भागोजी मात्र त्या रात्री नीट जेवला नाही. पोरगं आपलं, आणि त्याचा पाय दुसऱ्याने ओळखला.

वैशाखात, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने मुंबईहून बुटांची पेटी आली. तोवर सगळे अनवाणीच खेळायचे, घोट्याला चिंधी बांधून. बुटांच्या तळाला चामड्याच्या गुंड्या ठोकलेल्या होत्या. ज्येष्ठात, माती मऊ होती तेव्हा, गुंड्या मातीत रुतायच्या आणि पाय हलायचा नाही. पोरं खुशीत होती. एकाने तर बूट घालूनच बाजार फिरून घेतला. आषाढात पाऊस असा लागला की तीन आठवडे मैदानावर कुणी फिरकलं नाही. राजाभाऊ शाळेच्या पडवीत फळा लावून शिकवायचे.

भागोजी मात्र छत्री घेऊन सड्यावर जायचा. जेलच्या बाजूच्या गोलापाशी माती वाहून गेली होती. उघडा पडलेला जांभा कातळ हिरव्या शेवाळाने मढला होता. दर वर्षी असंच व्हायचं. अनवाणी माणूस तिथे बोटं रुतवून उभा राहू शकतो. चामड्याच्या गुंडीला तिथे काहीच धरता येत नाही. हे पुण्याच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

श्रावणातल्या सामन्याच्या सकाळी रघू बुटांच्या नाड्या आवळत होता. मध्येच थांबला.

"काका, गोलाकडं शेवाळ आलंय म्हणतात. बुटं घालू ना?"

भागोजीने त्याच्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे.

"तुज्या सरांना विचार," तो म्हणाला.

रघूने विचारलं. राजाभाऊ म्हणाले, पावसासाठीच तर बूट असतात.

पहिल्या डावात तो गोल आपल्या बाजूला आला. आपले दोन्ही राखणदार एकामागून एक घसरले. पाहुणे अनवाणी होते, त्यांनी आरामात दोन गोल केले. मागे धावून आलेला रघू हनुवटीवर आपटला. भागोजी बाजूला उभा होता. क्षणभर, एकच क्षण, त्याला बरं वाटलं. मग रघूच्या सदऱ्यावर रक्त दिसलं.

मध्यंतरात राजाभाऊ त्याच्यापाशी आले. "भागोजीराव, हे असं होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलला नाहीत?"

"तुमी विचारलंत नाय."

भागोजी वाट बघत होता, आता हा माणूस ओरडेल. ओरडला असता तर त्याने चेंडू पायाशी टाकून घरची वाट धरली असती. पण राजाभाऊ चिखलात बसले, रघूचा पाय मांडीवर घेऊन नाड्या सोडू लागले.

"बूट काढा सगळ्यांनी," ते म्हणाले. "पुढचं काका सांगतील."

भागोजीने सांगितलं. पाय कसा ठेवायचा, टाच कुठे टेकायची नाही, चेंडू शेवाळावर आल्यावर किती वेगाने सुटतो. दुसऱ्या डावात रघूने डाव्या पायाने दोन गोल मारले. सामना बरोबरीत सुटला. दहा वर्षांत पहिल्यांदा जिल्हा हरला नव्हता.

लोकांनी राजाभाऊंना खांद्यावर घेतलं. तिथून ते ओरडून सांगत होते, काकांनी वाचवलं आज, काकांना घ्या वर. भागोजी ठाऊक असून सकाळी बोलला नाही, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. भागोजीला तेच जास्त लागलं. रागवायला काही उरलंच नाही. ज्याचा हेवा करायचा त्याचेच उपकार घेऊन घरी यावं लागलं.

"काय झालं?" तुळसेने विचारलं. "जिंकलात ना?"

"बरोबरी," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

पुढे सात वर्षं दोघांनी मिळून संघ चालवला. संघ जिंकायलाही लागला. राजाभाऊ दर सामन्याआधी मैदान त्याला दाखवून घ्यायचे, भागोजी खरं ते सांगायचा, एक शब्दही राखून ठेवायचा नाही. पण मास्तर म्हणायचं सोडलं नाही, आणि संघाचा फोटो काढायच्या वेळी आपण रघूच्या शेजारी असू एवढं तो बघायचा. मध्ये राजाभाऊ उभे राहिले तर त्याला खोकला यायचा.

अडतीस सालच्या माघात त्याने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. एका दुपारी रघू आणि राजाभाऊ दोघे बरोबरच आले. रघू आता संघाचा कप्तान होता. दोघे जिन्यापाशी वहाणा काढत होते, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. तुळसेने चहाचं आधण चढवलं आणि मास्तरांसाठी चांगला कप फळीवरून खाली काढला.

भागोजीने मान तिच्याकडे वळवली.

"रघूला आधी दे," तो म्हणाला.