जाम झालं की आमच्याकडे आणा

साकोलीत बसस्टँडपासून थोडं पुढे माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल आल्यापासून घड्याळं कमी झाली, पण "भाऊ, हे फिरतच नाही!" म्हणत येणारी माणसं वाढली. बारीक पाने, रबरी पट्टे, तेलाच्या पिचकाऱ्या आमच्याकडे असतात ना! त्यामुळे जिला आटे आहेत आणि जी जाम झाली आहे, अशी तालुक्यातली प्रत्येक वस्तू शेवटी आमच्या काउंटरवर येते. वस्तू सुटून घरी जाते, किस्सा मात्र दुकानातच राहतो. असे किती राहिले, आता मलाही सांगता येणार नाही.

आमची टीम तिघांची. मी, माझी बायको कुंदा, आणि शेजारचा पंक्चरवाला गजानन. डोकं कुंदाचं, ताकद गजाननची. मी दुकानाचा मालक!

*

एक गृहस्थ स्टीलचा थर्मास घेऊन आले. झाकण हलेना. गजाननने थर्मास मांड्यांत धरला, मी झाकणाला रबरी पट्टा लावला.

"आत काय आहे?" कुंदाने लांबूनच विचारलं.

"काई नाही वो वहिनी. सोयऱ्याच्या लग्नात दूध नेलं होतं."

"लग्न कधी होतं?"

गृहस्थ आठवू लागले. तेवढ्यात "फट्!" असा आवाज झाला. झाकण छताला लागलं, तिथून भिंतीवरच्या घड्याळावर आलं आणि घड्याळ बंद! माझा चष्मा पांढरा, गजाननच्या मिश्या पांढऱ्या. वास तर असा, की समोरच्या टपरीवरची गिऱ्हाइकं चहा टाकून उठली.

गृहस्थ मात्र थर्मासकडे कौतुकाने बघत म्हणाले, "मानलं बाप्पा कंपनीले! इतक्या दिवसात वास भायेर येऊ देला नाही!"

*

गजाननला एक खोड आहे. कुठलाही नट दिसला की आटे तपासायला त्यात बोट घालतो. एकदा ट्रॅक्टरच्या मोठ्या नटात त्याने अंगठा घातला. अंगठा गेला, परत येईना. ओढून ओढून वांग्यासारखा सुजला.

बाजाराचा दिवस होता. बघता बघता गर्दी जमली. कोणी साबण आणला, कोणी तूप. गजानन घामाने निथळला होता. इतक्यात गर्दीतून वेल्डिंगवाला पुढे आला. हातात लोखंड कापायची आरी. त्याने शांतपणे विचारलं, "कुठून कापाचं?"

तो नटाबद्दल विचारत होता हो! पण गजानन ते ऐकून तिथेच आडवा झाला.

कुंदा म्हणाली, "बरं झालं. आता हात ढिला पडला." तिने अंगठ्याला दोरा गच्च गुंडाळला, तूप लावलं आणि नट हळूहळू फिरवत काढला. सालटं निघालं होतं म्हणून फडकं बांधलं.

गजाननने डोळे उघडले. नट नाही, अंगठा दिसत नाही, नुसतं फडकं! त्याने जी बोंब ठोकली, ती बसस्टँडपर्यंत गेली:

"अबे, नट कापाचा होता बे! नट!"

*

एकोडीला लग्नाला गेलो होतो. तिथेही सुटका नाही! पाण्याच्या मोठ्या टाकीची तोटी जाम. नवरीचे मामा भेटले, "भाऊ, तुमी आहात तं कायची चिंता!"

गजाननने तोटीला पाना लावला आणि जोर दिला. तोटी उघडली नाही. आख्खी निघून हातात आली! पाण्याची धार थेट आचाऱ्याच्या चुलीकडे. मामांनी धावत जाऊन भोकावर तळहात दाबला, म्हणून वरण वाचलं.

तिकडे भटजींनी अंतरपाट धरला. नवरीच्या मागे मामा पाहिजे! माइकवरून पुकारा सुरू झाला, "नवरीचे मामा! नवरीचे मामा कुठं आहेत?"

मांडवामागून आचारी ओरडला, "मामा भेटनार नाही! मामा सोडला तं मांडव बुडते!"

*

कोंढ्याची एक म्हातारी मुलीकडे साकोलीला आली होती. नागपूरला डोक्याचं स्कॅनिंग होतं, आणि अंगावर धातू चालत नाही म्हणून नाकातला खडा काढायला सांगितला होता. फिरकी लग्नापासून काढलीच नव्हती. सोनाराने हात टेकले, मग मुलगी तिला आमच्याकडे घेऊन आली.

कुंदाने तिला खुर्चीवर बसवलं. खोबरेल तेलाचा थेंब, मग थांबायचं, पुन्हा थेंब. बारीक चिमट्याने फिरकी धरून ती इतकी हळू फिरवत होती, की मीच श्वास धरून उभा. शेवटी फिरकी सुटली.

म्हातारीने नाकाला हात लावला आणि मोठ्याने रडायला लागली!

कुंदाचा चेहरा उतरला. "लागलं काय वो आजी?"

"लागलं नाही व माय. हे बुढ्यानं लावून देल्ती. म्हणे, हे ज्या दिवशी निघन, त्या दिवशी समज मी गेलो."

कुंदाने हळूच विचारलं, "बाबा कधी गेले मग?"

"गेला कुठं? भायेर ऑटोत बसला हाय. जाय वो, पाहून ये, जित्ता हाय का!"

आम्ही तिघं एकदम बाहेर पळालो. म्हातारा मान टाकून, तोंड उघडं ठेवून पडलेला. गजाननने रामनाम सुरू केलं. कुंदाने घाबरत त्याच्या खांद्याला हात लावला.

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. "निघाली काय? मले दचकल्यासारखं झालं!"

*

मोतीरामभाऊ तलावात मासे धरतात. त्या दिवशी आले ते रुमालात काहीतरी गुंडाळून. पेनापेक्षा जाड, खाली बॅटरी, वर काचेची इवलीशी टाकी.

"निखिलच्या बॅगेत भेटलं," ते म्हणाले. निखिल त्यांचा मुलगा, नागपूरला नोकरी करतो, सुट्टीवर आला होता. "दम्याचं यंत्र हाय, भाऊ. पोरानं लपवलं माझ्यापासून. माझा भाऊ दम्यानंच गेला, माझ्या मांडीवर. म्हून सांगतलं नसन त्यानं." त्यांनी रुमाल माझ्यापुढे सरकवला. "टाकी जाम झाली हाय. पोराचा श्वास अटकला तं काय करू?"

सोबत एक छोटी शिशी होती, तिच्यावर आंब्याचं चित्र. "औषधाला चव देतात हो आजकाल," मी शहाण्यासारखं म्हणालो.

बॅटरी वेगळी केली. आट्यांत चिकट द्रव वाळून गोंद झाला होता. टाकी कोमट पाण्यात ठेवली. काच दाबली असती तर फुटली असती, म्हणून फक्त वरखालची धातूची कडी रबरी पट्ट्यांनी धरली.

"हळू, भाऊ. पोराचा जीव हाय त्याच्यात."

आटे सुटले. मोतीरामभाऊंनी माझे दोन्ही हात कपाळाला लावले. कुंदाचे डोळे भरले. मी पैसे घेतले नाहीत.

काही दिवसांनी निखिल आला. डोळे खोल गेलेले.

"काका, ते तुमीच उघडून देलं काय?"

"हो! कशी आहे आता तब्येत?"

"काका, मले दमा नाही! ते वेप हाय. सिगारेटचा भाऊ समजा. बंदी हाय त्याच्यावर!"

कुंदा मटकन स्टुलावर बसली. मी म्हणालो, "अरे, मग बाबांना सांग ना!"

"कोन्त्या तोंडानं सांगू? सकाळ-संध्याकाळ समोर बसवून ओढायले लावते. आजी पाठीवरून हात फिरवते. मी खोकललो का बाबा म्हणते, 'कफ सुटून राहिला, अजून एक घे!' अन् काल तं तलावातून जित्ती मासोळी आणली. कोनीतरी सांगतलं म्हणे, दम्यावर जित्ती गिळाची."

"मग?" कुंदाने विचारलं.

"गिळली."

कुंदाने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"आज मोठी भेटली म्हणे," निखिल म्हणाला. त्याने खिशातून ते यंत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"काका, हे पुन्हा जाम करता येते काय?"