उजव्या पायाचा घोटा

पिंपळवंडीच्या कुंडलिकने घोटा धरला की गडी सुटत नसे. कबड्डीत डावा कोपरा त्याचा. चढाईचा गडी आत आला की तो वाकून थांबायचा आणि एका झेपेत पायाला अशी मिठी मारायचा, की समोरच्याचा दम तिथंच तुटायचा. आणे गावापासून येडगावापर्यंत सामने कुठंही असोत, लोक त्याची पकड बघायला यायचे.

त्याच संघात चढाईला चिमाजी होता. आंबेगावच्या डोंगरातला. भात काढून झालं की तो आणि बायको सोनीबाई कुंडलिकच्या मळ्यात कामाला येत. दिवसभर टोमॅटोचे क्रेट उचललेला हा गडी संध्याकाळी सात जणांच्या गराड्यातून हात लावून परत यायचा, आणि वर हसायचा.

पंचाण्णव साली जिल्ह्याच्या संघासाठी निवडचाचणी होती. आदल्या दिवशी सरावात चिमाजीचा उजवा घोटा मुरगळला.

"कुनाला सांगू नको भाऊ," तो कुंडलिकला म्हणाला. "फडकं आवळून बांधतो. उद्याचा दिस निघाला की झालं."

कुंडलिकने स्वतः हळद गरम करून त्याच्या पायाला लावली. तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं समोरासमोरच्या संघांत आले. दुपारपर्यंत शेवटची एकच जागा उरली होती आणि निवडणाऱ्यांची नजर या दोघांवर होती. चिमाजीने लागोपाठ दोन चढायांत तीन गडी मारले. तिसऱ्या चढाईला तो कुंडलिकच्या कोपऱ्यात आला. डावा पाय हाताशी होता. कुंडलिकने तो सोडला, उजव्यावर झेप घेतली आणि घोटा पिळला. हाड मोडल्याचं त्याला हातालाच कळलं. शिट्टी झाली, टाळ्या पडल्या.

जागा कुंडलिकला मिळाली. पुढं खेळाडू म्हणून पिंपरीच्या एका कंपनीत नोकरी लागली, पेपरात फोटो आले. चिमाजीचा पाय वाकडाच बसला. तो पुन्हा मळ्यात आला नाही. कुंडलिकने दोनदा माणसाकरवी निरोप धाडला, स्वतः मात्र गेला नाही. कुणी त्याच्या पकडीचं कौतुक केलं की त्याचे हात आपोआप खिशात जायचे.

दोन हजार तीनला गुडघा गेला आणि खेळ थांबला. गावाने सत्कार ठेवला. जुना कप्तान सावळेरामने चिमाजीलाही बोलावलं. तो लंगडत आला, माईक घेऊन एवढंच बोलला, "चाचणीच्या आदल्या दिशी माझ्या पायाला ह्यानंच हळद लावली व्हती. कुंडलिकला समदं ठावं हाये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंडलिकची मान काही वर झाली नाही.

तिसऱ्या दिवशी तो डोंगरात गेला. चिमाजी अंगणात नाचणी पाखडत होता.

"त्यो घोटा मी मुद्दाम पिळला," कुंडलिक उभ्या उभ्याच म्हणाला.

"ठावं हाये."

"कवापास्नं?"

"तवापास्नंच. हात चुकून पडला का जानून, ते ज्याचा पाय असतो त्याला कळतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून थांबलो. आठ वर्सं."

कुंडलिक पायाशी वाकू लागला, तशी सोनीबाई दारातून म्हणाली, "त्या पायाला हात लावू नका."

चिमाजीने तिला गप्प केलं नाही. पाणी दिलं, पण जेवायला थांब म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी कुंडलिकने गावच्या मैदानावर जुन्या गड्यांसमोर सगळं सांगितलं. सावळेराम उठला, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाला, "त्या दिशी चिमाजीला आमीच गाडीत घालून दवाखान्यात नेला व्हता रं. तू मागं बसून रडत व्हतास."

"खरंच रडत व्हतो," कुंडलिक म्हणाला. पण ते ऐकायला सावळेराम थांबला नव्हता. बाकीचेही एकेक करून उठले.