निम्म्या रुंदीचं पिंप

रिसोडला भाड्याच्या खोलीत राहून मी शाळेत गणित शिकवतो. घरमालकीणबाईंना सगळे काकूच म्हणतात. घरामागे त्यांची वांग्याची वाडी आहे. काकू आणि त्यांची सून, दोघी मिळून ती सांभाळतात. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फवारणीचं औषध कालवायचा ड्रम फुटला. काकूंनी कुठूनसं एक अरुंद पिंप आणलं आणि मला हाक मारली.

“सर, मोठ्या ड्रमाले चार झाकणं औषध लागे. याले किती टाकू?”

माझ्या हातात चहाचा कप होता. पिंपाची उंची ड्रमाएवढीच दिसली, रुंदी मात्र बरोबर निम्मी.

“दोन टाका,” मी म्हणालो आणि आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सुनेने औषध कालवून फवारलं. चार दिवसांत वांग्याची पानं करपली, फुलं गळाली. काकू सुनेवर संतापल्या.

“दोन सांगतले होते, तूनं जास्त टाकले. ध्यान कुठं राह्यते तुयं?”

“नाही जी, दोनच टाकले,” ती हळूच म्हणाली.

मी दारातून ऐकत होतो. हिचीच हयगय झाली असेल, असं मलाही वाटलं.

पुढच्या आठवड्यात आठवीला वृत्तचितीचं घनफळ शिकवत होतो. त्रिज्या निम्मी झाली की तिचा वर्ग पाव होतो, हे मुलांना सांगता सांगताच माझा खडू थांबला. त्या पिंपात निम्मं नव्हे, पावच पाणी मावत होतं. एकच झाकण पुरे होतं.

तरी मी तीन दिवस गप्प राहिलो. सून वाडीत दिसली की पुढच्या दाराने बाहेर पडायचो. गणिताचा मास्तर चुकला, हे बोलायला जीभ उचलत नव्हती आणि बोलणी ती खात होती.

रविवारी सून करपलेली झाडं उपटत होती, काकू शेजारी उभ्या होत्या. मी वाडीत जाऊन दोघींसमोर सांगितलं, “हिचं काही चुकलं नाही, काकू. माझा हिशेब चुकला.”

सून काकूंकडे बघत म्हणाली, “मले तं बादलीनं मोजून पाहाचं होतं. पण सरांनी सांगतलं, मंग मोजाचं कायले, असं आत्याबाई म्हणे.”

काकू खाली बसून सुनेच्याच ओळीतली करपलेली झाडं उपटू लागल्या. मीही वाकलो.

“राहू द्या सर,” सून म्हणाली, “कोणतं जगते ते तुमाले समजनार नाही.”

मी हातातलं झाड सोडलं आणि बांधावर उभा राहिलो.