दोरीच्या पलीकडचे दोन दिवे

आमच्या घरात माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे. लग्नाला हजार माणूस होतं असं मी म्हटलं, की सासरे पाचशे धरतात. साप बारा फुटी होता म्हटलं, की नवरा सहा फुटांच्या हिशेबाने काठी शोधतो. मला त्याचा राग येत नाही. मी आधीच दुप्पट सांगते, म्हणजे शेवटी खरं तेवढंच उरतं. पुढचं वाचतानाही तुम्ही तसंच करा, माझी हरकत नाही.

वारूळवाडीच्या पुढे उसाच्या मधोमध आमची वस्ती. थोरली जाऊ आणि मी एकाच अंगणात राहतो. तिला मी ताई म्हणते. दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीला ताई गोठ्यामागे वासरू बांधायला गेली, तर भिंतीवर बिबट्या बसलेला. दहा पावलांवर. हे दहा तिचे आहेत, माझे नाहीत, तेव्हा ते वजा करू नका. त्याने आमचा कुत्रा उचलला आणि गेला, पण जाण्याआधी ताईकडे बघून घेतलं. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. "डोळं तेवढं व्हतं," म्हणते, "बाकी अंधारच."

तेव्हापासून सहा वाजले की ताई घरात. दार, कडी आणि वर पहार आडवी. सख्ख्या भाचीची हळद तिने बुडवली. शेजारचा जागरण गोंधळ कडीच्या आतून ऐकला. आणि ही बाई कोण? नवरात्रात आम्ही सगळ्या दमून भुईवर बसलो तरी हिचा फेर थांबायचा नाही. तिला पुन्हा एकदा उघड्यावर, अंधारात नाचताना बघायचं, असं माझ्या डोक्यात बसलं. डोक्यात बसलं की मी गप्प राहत नाही, हे माहेरीसुद्धा माहीत आहे.

माळशेजच्या अलीकडे घाटमाथ्यावर एक गाव आहे. पूर्वी तिथे मेंढरं आणि धुकं होतं. आता धुकं तेवढंच आहे, मेंढरांच्या जागी रिसॉर्टं. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईची माणसं तिथे जागायला येतात. गणपती उठून आठ दिवस झाले होते. मी ताईला म्हटलं, एक रात्र जाऊन येऊ, आपण दोघीच.

"आन् वर डोंगरात त्यो नसतो व्हय?"

"डोंगरात कुठला बिबट्या आता? समदे खाली उसात आलेत. आयता गारवा, आयती कुत्री. उपाशी मरायला वर जायला त्यो काय येडा हाय?"

आमच्या भागात हे पोरसोर सांगेल. उसात बिबट्याच्या तीन पिढ्या झाल्यात. जंगल आपल्या शेतात आलंय, तेव्हा आपण जंगलात गेलो की सुटलो, असा तो सरळ हिशेब.

ताईने विचारलं, "निम्मं खरं का पुरं?"

"पुरं," मी म्हटलं. माझी स्वतःची खात्री पाऊण होती.

दुपारीच व्हॅन घेऊन निघालो, उजेडात पोहोचलो. रात्रीचं जेवण झालं, भजी झाली, शेकोटी झाली. ताई माझ्या शालीचं टोक धरून बसलेली, पण बसलेली. दहा वाजले आणि व्यवस्थापकाने स्पीकर बंद केला. कळंबकडचा गडी, डोक्याला टोपी, आवाज लग्नातल्या भटजीसारखा. म्हणाला, "दहानंतर आवाजाला बंदी हाय, पावणं. पण पार्टीला न्हाई." आणि त्याने एक खोका उघडला. आत हेडफोन. प्रत्येक हेडफोनच्या दोन्ही कानांवर दिवा. निळा दिवा लागला की हिंदी गाणी, हिरवा लागला की मराठी. लाल दिव्यावर जे वाजत होतं, ते मी दोन मिनिटं ऐकलं. कोणीतरी पत्र्याच्या शेडमधून बाहेर यायची धडपड करत होतं.

आम्ही दोघी हिरव्या. पाच गाणी मी एकटीच नाचले. सहाव्याला ताईचा पाय हलला. आठव्याला तिने पदर खोचला. बायांनो, काय सांगू, मुंबईच्या पोरी बाजूला होऊन बघत राहिल्या. त्यांतल्या एकीने तर तसाच फेर धरायला चप्पल काढून हातात घेतली. डोळे मिटून, हात वर करून ताई फेर धरत होती, दोन वर्षांचा साठलेला. मला रडू आलं, ते पुसायला मी हेडफोन काढला.

तो काढायला नको होता.

बाहेर काहीच नव्हतं. गाणं नाही, ढोल नाही. चाळीस माणसं ओल्या गवतावर उड्या मारत होती आणि आवाज फक्त पायांचा येत होता, गुरं चिखलातून चालल्यासारखा. कोणी मध्येच अर्धी ओळ भसाड्या आवाजात म्हणायचा आणि ती तशीच तुटायची. धुकं एवढं दाट, की माणूस दिसतच नव्हता. दिसत होते कानांवरचे दिवे. दोन निळे, दोन हिरवे, दोन लाल, डोक्याच्या उंचीवर खालीवर होणारे.

आमच्याकडे अंधारात कोणी गप्प चालत नाही. मोबाईलवर गाणं मोठ्याने लावायचं. बॅटरी नसेल तर खोकायचं, खोकला नसेल तर स्वतःशी भांडायचं. बिबट्याला माणूस येतोय हे कळलं की तो वाट सोडतो. माझा गळा एवढा मोठा झालाय तो त्या शेतवाटांवर. आणि इथे चाळीस माणसांनी सगळा आवाज आपापल्या कानात कोंडला होता. बाहेरच्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं.

मी सवयीने कडेला बघितलं. नाचायची जागा जिथे संपत होती, तिथे खांबांना दोरी बांधलेली होती. दोरीच्या पलीकडे दोन दिवे होते. निळे नाहीत, हिरवे नाहीत, जुन्या पितळेच्या रंगाचे. गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि अजिबात न हलणारे.

मग ते मिटले. आणि उघडले.

मी ओरडले तर ताई डोळे उघडणार. उघडले की बघणार. बघितलं की मरेपर्यंत कडीच्या आत. म्हणून मी ओरडले नाही, बोलायला लागले. ताई आणि ते दिवे, यांच्या मध्ये उभी राहिले आणि खड्या आवाजात आमच्या मामाच्या बैलाची गोष्ट सुरू केली, तो बैल शिडीने माडीवर चढला होता ती. तो माडीवर पोहोचला, खाली उतरला, बाजारात विकला गेला, पण दिवे तिथेच. बिबट्या असता तर माझ्या आवाजाने त्याने एव्हाना ओतूर गाठलं असतं. नाचणाऱ्यांपैकी एकही मान वळली नाही. मी रात्रभर कोकलले असते तरी कोणाला कळलं नसतं.

मी डावीकडे सरकले. दिवे डावीकडे सरकले.

"ते काय गं?"

ताई. हेडफोन गळ्यात, माझ्या खांद्यावरून बघत होती.

आयुष्यभर मी मुंगीचा हत्ती केला. त्या दिवशी पहिल्यांदा हत्तीची मुंगी करायची वेळ आली आणि जीभ जड झाली. "कुणाचातरी हेडफोन पडलाय," मी म्हटलं.

ताईने जरा वेळ बघितलं. "मग आणून दे की ज्याचा त्याला."

आता आली का पंचाईत. नाही म्हणावं तर तिला कळणार. मी शाल कमरेला बांधली आणि निघाले. गवत गार होतं. मी दोन पावलं पुढे गेले, दिवे दोन पावलं मागे गेले. त्यांनी पाठ फिरवली नाही, तोंड माझ्याकडेच ठेवून ते मागे गेले. मी थांबले, ते थांबले. दोरीपाशी पोहोचले, दोरी घट्ट धरली, आणि माझ्या तोंडातून आलं, "भाऊ, जेवण झालं का?"

आधी एक दिवा विझला. बराच वेळ दुसरा एकटाच राहिला. मग तोही विझला.

मी परत आले. "चार्जिंग संपलं त्याचं," ताईला सांगितलं. "सकाळी शोधतील."

ताईने हेडफोन कानावर चढवला आणि पुन्हा डोळे मिटले. शेवटचं गाणं संपेपर्यंत ती नाचली. मी तिच्याभोवती फिरत राहिले, पाठ कायम दोरीकडे ठेवून, कारण तिकडे तोंड करायची माझी हिंमत नव्हती.

सकाळी धुकं फाटलं. ताई चहाचा कप घेऊन सरळ दोरीकडे गेली. मी मागोमाग. दोरीच्या पलीकडे वीतभर गवत होतं. त्याच्यापुढे जमीनच नव्हती. सरळ तुटलेला कडा, आणि खाली, लई खाली, भाताची खाचरं पाटीवर रेघा ओढल्यासारखी.

व्यवस्थापक खोका घेऊन चालला होता. हेडफोन पूर्ण भरले का, मी विचारलं. "समदे आले, पावणं. आन् तिकडं वाकू नका. म्हणून तर दोरी बांधलीया. पलीकडं काय न्हाईच."

ताई कड्याखाली बघत होती. मी तिचा दंड धरला. आता ही इथेच बसते, हिला उचलून व्हॅनमध्ये घालावं लागणार, असं मला वाटलं.

"हेडफोन डोळं मिटत न्हाई, एवढं कळतं मला," ती म्हणाली. "पर तू मधी उभी व्हतीस, म्हणून नाचले." मग घोटभर चहा प्यायली. "इथं भुईच न्हाई. म्हंजी बिबट्या नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

"मग झालं."

तिचं झालं. तिची भीती बिबट्याची होती, आणि तो नव्हता हे तिने स्वतः बघितलं होतं. परवा ती रात्री नऊला एकटी शेजारच्या वस्तीवर बारशाला गेली. मोबाईलवर गाणंसुद्धा लावलं नाही. अंगणातून मला हाक मारत होती, "चल की गं." मी डोकं दुखतंय म्हणून आतून सांगितलं. पहार हल्ली माझ्या दाराला असते.

घरात मी हे सगळं सांगितलं. सासऱ्यांनी, नवऱ्याने नेहमीप्रमाणे निम्मं वजा केलं आणि जेवायला बसले. तुम्हीही करा. निम्मं वजा केलं तरी एक डोळा उरतो.