स्टोव्ह नसलेली गल्ली

मैत्रिणींनो, आज माझी एक जुनी चूक कळली, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकात मी निपाणीजवळच्या गावांत आरोग्य सेविका होते. माझी भाची वनिता बेळगावात भूगोल शिकवते. माझ्या जुन्या डायऱ्यांतल्या नोंदी ती आज कॉम्प्युटरवरच्या नकाशात भरत होती. भाजलेल्या बायकांसाठी तिनं लाल ठिपका ठेवला होता.

गावभर ठिपके तुरळक होते. एका गल्लीत मात्र ते जवळजवळ प्रत्येक घरावर बसले.

"आत्या, सगळीकडं ‘स्टोव्हचा भडका’ लिहिलंयस. या गल्लीत एवढे स्टोव्ह होते?"

तिथं एकाही घरात स्टोव्ह नव्हता, सगळीकडं चुली होत्या. घरच्यांनी सांगितलं, तेच मी लिहून घेतलं होतं.

त्यातली एकटी गंगाक्का वाचली होती. लगेच तिला फोन लावला. "आक्का, त्या दिवशी खरं काय झालतं?"

ती हळूच म्हणाली, "तू तवाच इचारशील वाटलं हुतं गं."

उद्या मी तिच्याकडं जाणार आहे. तुम्हीही कधी असं न विचारताच लिहून टाकलंय का?